कुलपाबाहेरची अंगणवाडी

"आधी मांडीवर घ्या, मंग बोला."

लहान मुलांच्या शिक्षणाबद्दल कुणी तोंड उघडलं की त्या असं म्हणत, आणि नुसतं म्हणून थांबत नसत. जवळचं एखादं शेंबडं लेकरू उचलून समोरच्याच्या मांडीवर ठेवून देत. मग ते सरपंच असोत, पर्यवेक्षिका असोत, की माझ्यासारखा इस्त्रीच्या शर्टातला प्राध्यापक. माझा शर्ट पहिल्याच भेटीत ओला झाला. त्या हसल्याही नाहीत. "होते तसं," एवढंच म्हणाल्या.

आरमोरीकडच्या एका तळ्याकाठच्या गावात त्या अंगणवाडी सेविका होत्या. गावातल्या बायका पहाटे मासळी घेऊन बाजाराला निघत, रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत उजाडताच धानाच्या बांध्यांत उतरत. सरकारी वेळ दहाची. यांची अंगणवाडी रोवणीत सहाला उघडे. "दहा वाजता मायच नाई घरी, तं पोट्टं कोणी आणून सोडावं?" बरं, वहीत तरी दहा लिहावं! वहीतही सहाच. मग खुलासा मागणारी पत्रं येत. त्यांची कोरी बाजू पोरांना रेघोट्या मारायला मिळे.

आमच्या कॉलेजातल्या करिअर मेळाव्याचं काम माझ्याकडे होतं. पोलीस भरतीची अकादमी, नर्सिंगवाले, बँकवाले, माजरीकडच्या खाणींना रखवालदार पुरवणारे, सगळ्यांची टेबलं लागत. महिला व बालविकासवाल्यांना रीतसर पत्र जाई आणि तिथून रीतसर कुणी येत नसे. एका वर्षी मात्र या बाई स्वतःहून आल्या, सोबत अंगणवाडीतली तीन लहान पोरं घेऊन.

त्यांची निवृत्ती जवळ आली होती. त्यांच्या जागी गावातलीच, बारावी झालेली बाई लागणार होती, आणि गावात अशा मुली मोजून तीन. तिघी आमच्याच कॉलेजात, तिघींनाही पोलीस व्हायचं होतं. कुणीच अर्ज केला नाही तर अंगणवाडीला कुलूप लागणार आणि पोरं दिवसभर तळ्याच्या पाळीवर मोकळी सुटणार. अंगणवाडी नव्हती तेव्हा एक पोरगं त्या तळ्यात बुडून गेलं होतं. ते यांचंच, हे मला गावानं सांगितलं. त्या कधी बोलल्या नाहीत.

पोरं पाहून प्राचार्य धावत आले. "बाई, पाहुणे येताहेत. मुलांना बाहेर न्या."

"पाहुणे घंटाभर रायतीन. हे पोट्टे जलमभर इथीच रायणार हायत."

प्राचार्य माझ्याकडे बघायला लागले, मी छताकडे. तेवढ्यात बाईंनी त्या तिघींच्या हातात एकेक पोर दिलंसुद्धा. "अर्धा घंटा सांभाळा. फोन दाखवाचा नाई, बिस्कीट द्याचं नाई."

एकीचं पोर दोन मिनिटांत रडलं. दुसरी स्वतःच रडकुंडीला आली. तिसरी प्रणाली. तिनं पोराला पोलिसांची कवायत शिकवली आणि ते डावा-उजवा करत प्राचार्यांच्या मागे जाऊन सावधान उभं राहिलं. अख्खा हॉल हसला.

"तू फॉर्म भर," बाई म्हणाल्या.

"मले भरती द्याची हाय, बाई. अंगणवाडीत काय करिअर हाय?"

"बंदूक घेऊन उभं रायनं करिअर, अन माणूस उभा करनं करिअर नाई? कोणी सांगतलं तुले? या सरनं?"

बोट माझ्याकडे होतं. खरं सांगतो, मला लाज वाटली. इतकी वर्षं मार्गदर्शन करत होतो, पण सेविकेला पुढं पर्यवेक्षिका होता येतं का, राज्याचं प्रशिक्षण कुठं होतं, बालशिक्षणाची पदविका कोण देतं, यातलं मला काही ठाऊक नव्हतं. त्यानंतर मी प्रकल्प कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत खेटे घातले आणि सगळं वहीत उतरवलं. पुढच्या मेळाव्यापासून अंगणवाडीचं टेबल मीच लावतो.

प्रणालीनं अर्ज भरला, पण निवड रखडली. निवृत्तीच्या दिवशी बाईंनी चावी कार्यालयात जमा केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुलपाबाहेरच्या पायरीवर पोरं घेऊन बसल्या. रोज बसू लागल्या. शेवटी एक साहेब आले. मी तिथंच होतो.

"तुम्ही आता सेविका नाही, बाई."

"नाई न. मी म्हातारी आहो. म्हातारीपाशी पोट्टे बसतेत. त्याले कोनता जीआर लागते?"

साहेबांनी कपाळ पुसलं. बाईंनी पोर उचललं मात्र, साहेब गाडीकडे निघाले.

पायरीवर पावसाळा गेला, धान कापून झाला, आणि मग प्रणालीचा आदेश आला. तिनं कुलूप उघडलं. बाईंनी एकेक पोर आत ढकललं आणि निघून गेल्या.

हल्ली गावात गेलो की त्या भेटतात, पण अंगणवाडीच्या रस्त्यावर कधीच नाही. दुकानात जायला त्या बांध्यांतून लांबचा फेरा घालतात. गुडघे दुखतात, तरी.

"काऊन एवढं चालता?" मी एकदा विचारलं.

"मले पाह्यलं तं पोट्टे बाहेर येतीन. प्रणालीचे हायत ते आता."

तेवढ्यात वाऱ्यावर पोरांचा गलका आला. त्या थांबल्या. मग पदर कानांवरून घट्ट ओढून घेतला आणि शेताच्या धुऱ्यावरून पुढं चालू लागल्या.