नारळ फुटल्यावर पाना लावायचा नाही

माझ्या भाच्याच्या गाडीला तीन वर्षांपूर्वी शर्यतीच्या सरावात अपघात झाला, तो त्याच्या चुकीनं झाला नव्हता. माझ्या चुकीनं झाला. मला हे पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. घरात, शेडवर आणि ट्रॅकवर ही गोष्ट वेगळीच सांगितली जाते आणि ती तशी सांगितली जावी म्हणून मी गप्प बसलो. म्हणून आता क्रमानं लिहितो.

भाचा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. वय छत्तीस, वाळूजच्या एका कारखान्यात नोकरी आणि वर्षातून चार-पाच वेळा शर्यत. शर्यतीची गाडी म्हणजे टीव्हीवर दिसते तसली जमिनीला चिकटलेली नव्हे. शोरूममधून निघते तीच घरगुती गाडी. मागची सीट, गालिचे, एसी सगळं उपसून काढायचं, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा जोडायचा, एकच सीट ठेवायची. ट्रॅक तामिळनाडूत, म्हणून गाडी ट्रकवर चढवून न्यायची. पैठण रोडला, बिडकीनच्या अलीकडं माझं पत्र्याचं शेड आहे. चाळीस वर्षं मी तिथं गाड्या दुरुस्त केल्या. शर्यतीची गाडी तिथंच तयार व्हायची आणि शेवटचा हात माझा असायचा.

आमच्या कामात एक पद्धत असते. नट पूर्ण आवळला की नटावरून शेजारच्या भागावर जाईल अशी पिवळ्या रंगाची एक रेघ मारायची. पुढं कधी रेघ तुटलेली दिसली तर समजायचं, नट हलला. आधी आवळायचं, मग रेघ. दुसरी पद्धत फक्त आमच्या शेडची, मीच पाडलेली. गाडीपुढं नारळ फुटला की ट्रॅकवर पोचेपर्यंत तिला पाना लावायचा नाही. पूजा झाली म्हणजे काम संपलं. त्यानंतर पाना मागणाऱ्याला मी चारचौघांत बोलायचो, "आधी काय झोपला होतास का?"

तीन वर्षांपूर्वीच्या त्या गुरुवारी मी गाडीखाली होतो. स्टिअरिंगकडून प्रत्येक पुढच्या चाकाकडं एक दांडा जातो आणि तो फिरू नये म्हणून त्याला एक लॉकनट असतो. तो ढिला राहिला तर चाक आपली दिशा सोडतं. उजवीकडचा मी आवळला. डावीकडचा हातानं बसवला होता, तेवढ्यात बहीण पूजेचं ताट घेऊन आली.

"दादा, निघ खालून. दीडला राहुकाळ लागतोय."

"दोन मिनिटं थांब."

"तुझ्या दोन मिनिटांत माझं पोरगं म्हातारं व्हईल. निघ म्हणते ना!"

सगळे हसले. रंग हाताशी होता. मी रेघ मारून टाकली. म्हटलं, पूजा उरकली की आवळू. बाहेर आलो, हात पुसले, टोपी घातली. नारळ फुटला, खोबरं वाटलं, ट्रकवाला घाई करू लागला. गाडी फळ्यांवरून ट्रकात चढत असताना मला आठवलं. आठवलं म्हणजे शंका आली, डावीकडचा आपण आवळला का? पाना तीन हातांवर भिंतीला टांगलेला होता. पण नारळ फुटला होता, आणि ज्यांना मी बोलायचो ते सगळे समोर उभे होते. मी मनात म्हणालो, रेघ मारली आहे ना, मग आवळलाच असेल.

ट्रॅकवर पोचल्यावर वाकून बघितलं. रेघ सरळ होती. माझ्याच रेघेवर मी विश्वास ठेवला. पाना तेव्हाही लावला नाही.

शनिवारी सरावाच्या चार फेऱ्या मारून भाचा आत आला. हेल्मेट न काढताच म्हणाला, "मामा, ब्रेक दाबला की गाडीचं नाक डावीकडं पळतंय. स्टिअरिंग हलकं लागतंय."

मी खाली वाकलोसुद्धा नाही. म्हणालो, "नाक नाय पळत, तुझा हात थरथरतोय. नीट झोपत जा."

शेजारच्या गाड्यांची माणसं हसली. तो परत गेला आणि दुसऱ्याच फेरीत, चौथ्या वळणावर, टायरच्या भिंतीवर आदळला. डावा पाय दोन ठिकाणी मोडला. मागून येणाऱ्या गाडीला वळायला जागा मिळाली नाही. त्या ड्रायव्हरचं मनगट गेलं. तो पुन्हा शर्यतीत बसलेला नाही.

दवाखान्यातल्या खाटेवरून भाच्यानं शर्यत भरवणाऱ्यांना लिहून दिलं की ब्रेक उशिरा लावला, चूक माझी. त्या दुसऱ्या ड्रायव्हरची माफी मागायला कुबड्या घेऊन त्याच्या घरी गेला. मी त्याच्यासोबत होतो. त्या घरातला चहाही प्यालो.

चेपलेली गाडी शेडवर आली तेव्हा मी ती एकट्यानं उघडली. डावीकडचा दांडा काढला. नट आट्यांवरून बराच सरकलेला होता. त्याच्यावरची पिवळी रेघ एका बाजूला, दांड्यावरची दुसऱ्या बाजूला. मी थिनरचा बोळा घेऊन दोन्ही पुसल्या आणि दांडा भंगारात टाकला. भाच्याला सांगितलं, "सगळं चेपलंय, काही कळायला मार्ग नाही."

मग तीन वर्षं बहीण लोकांना सांगत राहिली, पोराच्या डोक्यात हवा गेली होती, देवानं जमिनीवर आणलं. ती हे माझ्यासमोर सांगायची, आणि मी मान हलवायचो.

यंदा पाय पूर्ण बरा झाल्यावर भाच्यानं दुसरी गाडी घेतली. महिनाभर तयारी चालली. रात्रीची भाकरी बंद करून त्यानं सहा किलो वजन उतरवलं. दुपारी पत्र्याखाली अंगावर जाड सूट चढवून, हेल्मेट घालून बसायचा, तिकडच्या उकाड्याची सवय व्हावी म्हणून. एका ओळखीच्या कारखानदाराच्या कुंपणाच्या आत लांब डांबरी पट्टी आहे. सुट्टीच्या दिवशी तिथं गाडी पळवून नवे ब्रेक घासून बसवून घ्यायचा. आणि रोज संध्याकाळी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून, डोळे मिटून, हात हवेत धरून ट्रॅकची पूर्ण फेरी मारायचा. तोंडानं गिअर म्हणायचा. मी घड्याळ लावायचो.

चौथं वळण आलं की त्याचा उजवा, एक्सिलरेटरवरचा पाय फरशीवरून उचलला जायचा. रोज. त्याला कळायच्या आधी मला दिसायचं.

पिंजऱ्याचं काम करणारा वेल्डर माझ्याकडं वीस वर्षं आहे. एकदा तो हळूच म्हणाला, "मामू, भांजा वहाँ पे डर रा. बीस गाडियाँ पीछे रहींगी, और ये बीच में पाँव उठाया तो?"

तेच मलाही दिसत होतं. दीडशेच्या वेगात, मागं रांग असताना एकानं अवेळी पाय उचलला की मागचा आत घुसतो. स्वतःच्या हातावरचा त्याचा भरवसा मी काढून घेतला होता, आणि तसाच त्याला गाडीत बसवून पाठवायला निघालो होतो.

ट्रक बुधवारी निघणार होता. सोमवारी भाचा म्हणाला, "मामा, गाडी बोथट करा जरा. स्टिअरिंग हलवलं की लगेच वळते, नाक एवढं तिखट नको."

"हळू पडशील."

"पडू द्या. माझा हात तेवढा नाही राहिला. शुक्रवारी सरावात चौथं वळण जमलं नाही तर गाडी तिथंच कुणाला तरी देऊन येतो. बास झालं."

मी हो म्हणालो. पाना घेतला, गाडीखाली गेलो आणि पडून राहिलो. काहीच केलं नाही.

मंगळवारी दुपारी वेल्डर जेवायला गेला होता. भाचा खुर्चीवर बसून फेरी मारत होता. माझ्या एका हातात पाना होता, दुसऱ्यात घड्याळ. चौथं वळण आलं. पाय उचलला. मी घड्याळ बंद केलं.

"काय झालं? बंद का केलं?"

"तुझा हात थरथरत नव्हता."

"कधी?"

"त्या शनिवारी. लॉकनट ढिला होता. डावीकडचा. मी आवळलाच नव्हता."

त्यानं डोळे उघडले. मी सगळं सांगितलं. रेघ, नारळ, थिनर, भंगार. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"मी तुम्हाला येऊन सांगितलं होतं," तो म्हणाला. "नाक पळतंय म्हणून."

"व्हय."

"आणि तुम्ही हसवलं लोकांना."

"व्हय."

तो उठला, शेडबाहेर गेला, रस्त्यापर्यंत जाऊन परत आला. मला वाटलं ओरडेल. त्याचा आवाज अगदी खाली होता.

"मामा, मी त्या माणसाच्या घरी गेलो. त्याची बायको रडली माझ्यापुढं. तुम्ही शेजारी बसून बशीतनं चहा पीत होता." मग म्हणाला, "पाना ठेवा खाली."

मी ठेवला. वेल्डर आल्यावर त्यानं त्याला सांगितलं की गाडी खालून पूर्ण उघडायची, प्रत्येक नट पुन्हा आवळायचा आणि नाक तिखटच ठेवायचं. वेल्डरनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीजवळच्या स्टुलावर जाऊन बसलो. माझ्या शेडमध्ये त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत बघ्या होतो. निघताना भाचा म्हणाला, "आईला मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. आणि त्या दुसऱ्या ड्रायव्हरला तुम्ही लिहायचं. ट्रॅकवरच्या लोकांनाही. मी लिहून दिलंय ना चूक माझी म्हणून, तसंच तुमच्या हातानं. शर्यतीच्या आधी."

बुधवारी सकाळी बहिणीकडं गेलो. तिचं घर क्रांती चौकाच्या मागं आहे. ती पूजेचं ताट भरत होती, कारण ट्रक बाराच्या आत निघायचा होता. मी उभ्या उभ्या सांगितलं. तिनं हळदीची वाटी ताटात ठेवली.

"म्हणजे मी घाई केली म्हणून?"

"नाय. घाई तू केलीस, पण नंतर आठवलं होतं मला. लाज वाटली म्हणून पाना घेतला नाही."

"आन मी तीन वर्षं त्यालाच बोलत आले. लग्नाकार्यात बोलले. तू ऐकत होतास, दादा."

ताट उचलून ती म्हणाली, "तू येऊ नको आज शेडवर." माझंच शेड. मी गेलो नाही. नारळ फुटला की नाही, हेही मला माहीत नाही.

शुक्रवारी दुपारी तिचाच फोन आला. भाच्यानं तिला ट्रॅकवरून फोन केला होता. तिला त्यातलं फारसं कळत नाही. त्यानं सांगितलेलं जसंच्या तसं तिनं मला सांगितलं, "पाय अजून उचलतोय म्हणला. कारण कळलं तरी उचलतोय. पण आता पाय उचलला की चीड येतीय म्हणला, आधी भ्या वाटायचं."

"गाडी विकणार म्हणाला का?"

"तसं काय नाय म्हणला." मग ती म्हणाली, "तू लिहिलंस का, ते विचारत होता."

तेव्हा लिहिलेलं नव्हतं. दोनदा बसलो होतो. दोन्ही वेळा कागदावर पहिलं वाक्य आलं, "घाईगडबडीत माझ्या हातून राहून गेलं." ते खोटं नव्हतं, पण मला वाचवणारं होतं. दोन्ही कागद फाडले.

आज शनिवार आहे. सकाळी बसलो आणि त्या दुसऱ्या ड्रायव्हरला एक पानाचं पत्र लिहिलं. त्यात घाई हा शब्द नाही. नट मी आवळला नाही, शंका आली तरी पाना लावला नाही, ड्रायव्हरनं सांगितलं तेव्हा त्याची थट्टा केली आणि नंतर पुरावा पुसला, एवढंच लिहिलं. खाली सही केली. तसंच दुसरं पत्र शर्यत भरवणाऱ्यांना. दोन्ही पत्रांचे फोटो काढून ज्यांचे त्यांना पाठवले आणि भाच्यालाही पाठवले.

त्याचं उत्तर तासाभरानं आलं. "मिळालं. उद्या अकराला शर्यत. सहाव्या नंबरवरून सुटतोय."

मला काहीतरी लिहायचं होतं. नीट चालव, सांभाळून, असलं काहीतरी. नाही लिहिलं. आता गाडीबद्दल त्याला काही सांगायचा हक्क माझ्याकडं नाही. उद्या अकरा वाजता बहिणीकडं जाऊन बसावं असं वाटतंय. तिला विचारलंय, येऊ का म्हणून. अजून तिनं हो म्हटलेलं नाही.