मुकादमबाईंच्या पेशींची हजेरी

बस डेपोतल्या सफाईच्या मुकादमबाईंच्या खिशात कायम एक काडेपेटी असे. बसगाडी धुऊन झाली की त्या आत चढत, एक काडी काढत आणि सीट जिथे लोखंडी पट्टीला टेकते त्या फटीतून ती फिरवत. काडीला धागाभर मळ लागला तर अख्खी बस पुन्हा. टोळीतल्या आठही जणी बाईंना पाठीमागे ‘काडी’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. त्यांची नावाला हरकत नव्हती, कामाला असती तर बोलल्या असत्या.

दुसरा नियम ढिगाचा. झाडलेला केर पाव तासाच्या आत उचलायचा. ढीग केला म्हणजे काम संपलं असं मानून कोणी बसलं, तर बाई एवढंच म्हणत, “मग घास करून ठेव, खाऊ नकोस.”

अशा बाईंना ल्युपस झाला.

आधी बोटं सुजली. मग नाकावर आणि दोन्ही गालांवर पंख पसरलेल्या पाखरासारखा लाल चट्टा उमटला. बाईंचे यजमान टायरच्या कामातून निवृत्त झालेले होते, त्यांनी चट्टा निरखून पाहिला आणि रंगकामाच्या शेडमध्ये तोंड पुसलंस का, असं विचारलं. मग लघवीला फेस येऊ लागला, तेव्हा त्यांनीच हात धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण वयाने मुलीसारखी, पण समजावून सांगणारी होती. तिने सांगितलं की शरीरात रोज अगणित पेशी मरतात. तो केर खाऊन साफ करायचं काम काही पांढऱ्या पेशींचं असतं. ल्युपसमध्ये हे उचलणं रेंगाळतं. मेलेल्या पेशींच्या पोटातला माल उघडा पडून राहतो. इशारा देणाऱ्या पेशींना वाटतं की कोणी जंतू घुसला, आणि त्या बोंब ठोकतात. मग बाकीच्या पेशी आपल्याच मालाविरुद्ध हत्यारं बनवतात. काही तर गडबडीत स्वतःच्या पोटातला माल जाळ्यासारखा बाहेर फेकतात, म्हणजे केर आणखी वाढतो. ती हत्यारं आणि तो केर यांचे गुंते होतात आणि जाऊन अडकतात सांध्यांत, नाहीतर मूत्रपिंडाच्या गाळणीत.

बाईंचे कान तापले. आजाराचं त्यांना एवढं वाटलं नाही. अब्रूचं वाटलं.

“म्हणजे माझ्या अंगात,” त्या म्हणाल्या, “केर उचलत नाहीत?”

डॉक्टरीण म्हणाली की यात तुमचा दोष नाही. तिने एक गोळी लिहून दिली. ती इशारा देणाऱ्या पेशींना शांत करते, रोज घ्यायची, आणि उन्हात जायचं नाही, कारण उन्हाने कातडीतल्या पेशी जास्त मरतात. दोन महिन्यांनी लघवी तपासायची. प्रथिनं फार वाढलेली निघाली, तर मूत्रपिंडांसाठी जड औषधं सुरू करायची आणि डेपोचं काम बंद.

निवृत्तीला अकरा महिने उरले होते. तीस वर्षं पुरी करून झाडू आपल्या हाताने खुंटीला टांगायचा, एवढीच बाईंची इच्छा होती.

घरी पोहोचेपर्यंत बाईंनी विचार केला, आणि तो मुकादमाचा विचार होता. कामचुकारपणा झाडूवाल्यांचा. पहारेकरी बिचारे डोळ्यांत तेल घालून उभे आहेत. आणि गोळी देऊन झोपवायचं कोणाला, तर पहारेकऱ्यांना? डेपोत असाच न्याय एकदा एका साहेबाने केला होता. बाई त्याच्याशी चार महिने बोलल्या नव्हत्या.

त्यांनी गोळ्या वेष्टनातून सोडवून एका रिकाम्या काडेपेटीत भरल्या आणि ती फळीवर ठेवून दिली. आळशी माणसावर इलाज एकच, जादा काम. पेशींना घाम फुटावा म्हणून त्या दुपारच्या उन्हात डेपोला तीन फेऱ्या मारू लागल्या. सकाळी आरशासमोर उभं राहून हजेरी घेऊ लागल्या.

“उजवा गुडघा.”

“हजर, बाई,” यजमान न्हाणीघरातून ओरडत.

“डावं मनगट.”

“हजर. पण बोटं रजेवर आहेत.”

“कोणाला विचारून?”

“अर्ज टाकलाय म्हणतात.”

अर्ज नामंजूर होई. बोटं मात्र दिवसेंदिवस जास्तच सुजत चालली. चट्टा कानापर्यंत सरकला.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी सहा बसगाड्यांची फाटकी सीट-कव्हरं उतरवली गेली. टोळी मागच्या आवारात होती. बाईंनी धुण्याच्या शेडमध्ये एकटीने सगळी कव्हरं आणि त्यांतला भुसभुशीत फोम झाडून लांबट ढीग केला. उचलायला वाकल्या, तर बोटं मिटेनात. तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा डोळ्यांत पाणी आलं. साहेबांची फेरी व्हायची होती. खुंटीवर कोणा ड्रायव्हरचा जुना कोट होता, तो बाईंनी ढिगावर पांघरला. एका टोकाला चिंधी डोकावत होती, तिच्यावर टोपी ठेवली. झाकायचं तर नीट झाकायचं. मग बोटं जरा सैल होईपर्यंत त्या सामानाच्या खोलीत जाऊन बसल्या.

डेपोत एक नवा पहारेकरी आला होता. नोकरी लागल्यापासून त्याला एकही चोर सापडला नव्हता आणि हे त्याच्या मनाला लागलं होतं. त्याने शेडमध्ये डोकावून पाहिलं, तर कोट घालून, तोंडावर टोपी घेऊन एक माणूस आडवा. त्याने ऊठ म्हटलं. माणूस उठला नाही. दुसऱ्यांदा म्हटलं. मग ही मुजोरी सहन न होऊन त्याने शिट्टी वाजवली.

शिट्टी वाजली की हातात असेल ते घेऊन धावायचं, असा डेपोचा रिवाज होता. दोन पहारेकरी काठ्या घेऊन आले, मेकॅनिक पाना घेऊन आला, गाड्या धुणारा पाण्याची नळी घेऊन आला. पहिल्याच काठीला कोट फाटला आणि फोमचे गोळे उडाले. याचं आतलं बाहेर येतंय, असं कोणीतरी म्हणालं. त्या बोलण्याने घाबरून सगळे जास्तच जोरात मारू लागले. साबणाचं पिंप कलंडलं. नळी सुटली. ज्यांच्या हातात काही उरलं नाही त्यांनी आपापल्या टोप्या फेकल्या. एकाने डबा फेकला, एकाने पायातला बूट. थांबवायला आलेल्या साहेबांना तो बूट बसला. हे सगळं वाहत जाऊन गटाराच्या जाळीत अडकलं आणि पाणी तुंबलं. पहारेकरी शिट्टी वाजवतच होता आणि दर शिट्टीला आणखी माणसं येतच होती.

बाई दारात आल्या तेव्हा घोट्यापर्यंत फेस चढला होता. हा फेस त्यांच्या ओळखीचा होता. तो त्या रोज सकाळी लघवीत बघत होत्या.

त्यांनी जाळीकडे पाहिलं. मग, सवयीप्रमाणे, ढीग कोणी ठेवला म्हणून रागावायला तोंड उघडलं आणि मिटलं. ढीग त्यांचाच होता. त्यांनी काय कामचुकारपणा केला होता? बोटं मिटली नव्हती. आतल्या झाडूवाल्यांचीही मिटत नसतील.

आधी काय करायचं, हे मुकादमाला कळावं लागतं. ढीग उचलावा, तर काठ्यांच्या मधे जाणार कोण? बाई फेस तुडवत सरळ पहारेकऱ्याकडे गेल्या आणि दोन तळव्यांत धरून त्याच्या तोंडातली शिट्टी काढून घेतली. त्याच्या छातीत वारा भरलेला होता. तो फुस्स करून निघून गेला.

सगळे थांबले. बाईंनी पाहिलं, पहारेकरी काही झोपले नव्हते. जागेच होते. फक्त आता आधी बघत होते. एकाने पायाने टोपी सरकवली आणि खालची चिंधी बघून तो लाजला.

मग जाळी मोकळी झाली. ढीग सगळ्यांनी मिळून उचलला. बारा मिनिटं लागली. बाईंनी साहेबांना सांगितलं की ढीग माझा, बोटं मिटेनात म्हणून झाकला. साहेब चष्म्यावरचा फेस पुसत म्हणाले की ते ठीक आहे, पण हा बूट कोणाचा?

“बाई, माझी शिट्टी,” पहारेकरी म्हणाला.

“उद्या.”

“आणि चोर आला तर?”

“हाक मार. माणूस असला तर ओ देईल.”

घरी येऊन बाईंनी फळीवरची काडेपेटी उघडली आणि एक गोळी पाण्याबरोबर घेतली.

“अगं, काड्या खायला लागलीस?” यजमानांनी विचारलं. बाईंनी सगळं सांगितलं. यजमान हसले नाहीत. रिकामा पेला उचलून ते म्हणाले, “मी रोज हजर, हजर म्हणत होतो. खोटी हजेरी लावली की मी तुझी.”

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीण चिडली. “मावशी, पाच आठवडे? ही गोळी अंगात मुरायलाच महिने लागतात.” लघवीतली प्रथिनं वाढली होती, अगदी काठावर होती. तिने थोड्या दिवसांसाठी दुसरं औषध जोडलं, सावलीतलंच काम करायचं अशी चिठ्ठी साहेबांना दिली आणि तीन महिने दिले. एक दिवसही चुकवायचा नाही. बाईंनी एकही चुकवला नाही. कामाच्या बाबतीत त्यांना दोनदा सांगावं लागत नसे.

तीन महिन्यांनी प्रथिनं खाली आलेली निघाली. आजार गेला नव्हता, तो जाणारा नव्हता. पण काम सुटणार नव्हतं. डॉक्टरिणीने कागद पुढे केला, तेव्हा बाईंनी काडी फिरवल्यासारखं बोट फिरवून प्रत्येक आकडा तपासला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर हजेरी झाली.

“उजवा गुडघा.”

“हजर, बाई.”

“बोटं.”

“आलीत. उशिरा आलीत, पण आलीत.”

“असू दे. झाडूवाले?”

“हजर. सावकाश उचलतायत.”

“सावकाश उचला म्हणावं,” बाई म्हणाल्या. “शिट्टीवाला?”

न्हाणीघरातून काहीच आवाज आला नाही. बाईंनी थोडं थांबून पुन्हा विचारलं. नळाचं पाणी तेवढं वाजत होतं, आणि यजमानांचं दाबलेलं हसू.

“गैरहजर,” बाईंनी स्वतःच म्हटलं आणि गोळी तोंडात टाकली.