ताईंचा सडा

ताई कधीही फुलाकडे सरळ बोट करत नसत. तर्जनी वाकवायच्या आणि तिच्या पेराने दाखवायच्या. पक्षी असो, सरडा असो, नुकतं कुठे उमलत असलेलं झुडूप असो, ताईंचं बोट वाकलेलंच. वेलीवरच्या कोवळ्या काकडीकडे सरळ बोट केलं तर ती कुजते, असं आपल्याकडे लहानपणी सगळ्यांना सांगितलेलं असतं. मोठेपणी आपण ते विसरतो. ताई अर्धं आयुष्य सिडनीत काढूनही विसरल्या नव्हत्या. मी एकदा हसून म्हटलं, "ताई, ही ऑस्ट्रेलियातली झुडपं. यांना कुठे माहीत आपली रीत?"

"त्यांना नसेल," त्या म्हणाल्या, "मला आहे ना."

युनित, म्हणजे युनिव्हर्सिटीत, शिकायला आले तेव्हा सिडनीतल्या पेंडल हिलच्या स्टेशनाजवळ एका इंडियन दुकानात मी संध्याकाळची शिफ्ट करायचे. ताई तिथे भाजीला यायच्या. मेथीची जुडी उलटसुलट करता करता एकदा त्यांनी विचारलं, "कुठे राहतेस गं?" मी सांगितलं, सहाजणींत एक बाथरूम आहे. पुढच्याच आठवड्यात माझी बॅग त्यांच्या मागच्या खोलीत होती. ती खोली त्यांच्या मुलाची, निलेशची. तो नोकरीसाठी पर्थला गेला होता आणि ताईंचे मिस्टर त्याआधीच वारले होते. ताई जवळच्या दवाखान्यात तपासणीसाठी रक्त काढायचं काम करायच्या. हात इतका हलका, की लोक त्यांचीच वेळ मागून घ्यायचे. पण "दुखणार नाही" असं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. "थोडं दुखेल, मग थांबेल," एवढंच. घरीही त्यांची समजूत घालायची पद्धत हीच होती.

पेंडल हिलला हिल नाही, याचं त्यांना फार नवल वाटायचं. नाव टेकडीचं आणि गाव ताटासारखं सपाट. शेजारी एक म्हातारे इंग्रज गृहस्थ राहायचे. त्यांनी कुंपणावरून सांगितलं होतं की खरी पेंडल हिल त्यांच्या देशात आहे, उघडीबोडकी, वाऱ्याची, झाडं नसलेली, नुसती झुडपं आणि धुकं. कुणीतरी घर सोडून आलं, त्याने टेकडीचं नाव तेवढं बरोबर आणलं. ताईंना ते अगदी पटलं. "नाव आणणं सोपं असतं," त्या म्हणायच्या. "मलाही माझी टेकडी आणता आली नाही. इथे शोधावी लागली."

ताई रत्नागिरीकडच्या. त्यांच्या गावावर सडा होता. अंगणात शिंपतात तो सडा नव्हे. डोंगराच्या माथ्यावर कातळाचं जे सपाट पठार असतं, जिथे झाड धरत नाही, उन्हाळ्यात पाय भाजतात आणि पावसाळ्यात बोटभर उंचीची फुलं सगळा दगड झाकून टाकतात, तो सडा. लहानपणी शेळ्यांमागे त्या तिथेच वाढल्या. इथे आल्यावर पहिल्या वर्षी नवराबायको पॅरामॅटाला गाडी बदलून ब्लू माउंटन्समध्ये फिरायला गेले. सगळे लोक दऱ्या बघायला कठड्याशी गर्दी करून उभे. ताई मात्र मागच्या एका पायवाटेने वर चढत गेल्या आणि अचानक झाडं संपली. समोर उघडा माथा, गुडघाभर झुडपं, मधूनमधून कातळ आणि वारा. त्या मिस्टरांना म्हणाल्या, "अहो, हा तर आमचा सडा." नकाशात त्या माथ्याला इंग्रजी नाव आहे. आमच्या घरात ते कुणी घेतलं नाही.

मला त्यांनी तिथे पहिल्यांदा नेलं तेव्हा मी परत जायला निघाले होते. पहिलाच हिवाळा. अभ्यास झेपत नव्हता, दुकानात उभं राहून पाय सुजायचे आणि आईचा फोन आला की मी आवाज आनंदी करून बोलायचे. त्या खोट्या आवाजाचाच मला जास्त थकवा यायचा. शेवटी ताईंना सांगितलं, "मी जाते घरी. नाही जमत."

"जा की," त्या कणीक मळताना म्हणाल्या. "पण रविवारी माझ्याबरोबर वर चल. तिकीट सोमवारी काढ."

तो रविवार मला अजून स्वप्नात पाहिल्यासारखा आठवतो. धुकं जमिनीला लागून वाहत होतं. झुडपांच्या शेंड्यांवर थेंब लटकलेले. पिवळ्या शेपटीचे मोठे काळे काकाकुवे कुठूनसे आले, रडवेल्या आवाजात एकमेकांशी बोलत डोक्यावरून संथ गेले आणि धुक्यात विरले. ताई एका ओल्या कातळाजवळ उकिडव्या बसल्या आणि बोट वाकवून म्हणाल्या, "हे बघ कोण." नखाएवढं लालसर रोप होतं. त्याच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब. "दवबिंदू. किडे खातो. आमच्या सड्यावर असाच असतो." उन्हाळ्याच्या तोंडाशी परत आले तेव्हा तिथेच त्यांनी इवलीशी जांभळी फुलं दाखवली. गावाकडे त्यांना सीतेची आसवं म्हणतात. ही त्यांची इथली भावंडं. "बघ," ताई म्हणाल्या, "एवढा मोठा समुद्र मध्ये आहे. पण खाली दगड तापतो तसाच, पाणी झिरपतं तसंच. मग फूलही तसंच येतं." आता तू राहा, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. सोमवार आला आणि गेला.

पुढे आम्ही महिन्या-दोन महिन्यांनी जात राहिलो. मग ओळखीचे मराठी लोकही यायला लागले. त्यांच्यात अमोल नावाचा एक आयटीवाला होता. त्याला प्रत्येक गोष्ट किती किलोमीटर आणि किती मिनिटं, हे आधी हवं असायचं. माथ्याच्या अलीकडे ओलसर घळ लागते. तिथे एकदा तो मान वर करून गोल गोल फिरायला लागला. कुकाबुरा हसत होता, काकाकुवा ओरडत होता, कुणी चाबूक ओढल्यासारखी शीळ घालत होतं. "किती बर्ड्स आहेत, मला एकही दिसत नाहीये," तो म्हणाला. ताईंनी त्याला खाली पाचोळ्यात दाखवलं. मोरासारखी शेपटी अंगावर पसरून एक तपकिरी पक्षी एकटाच गात होता. "लायरबर्ड," ताई म्हणाल्या. "एकच आहे. सगळ्यांचे आवाज हाच काढतो. बाकीचे सगळे त्याच्या पोटात." अमोल मग पाचोळ्यातच बसला आणि बराच वेळ उठला नाही. त्या दिवसानंतर त्याने किलोमीटर विचारणं सोडलं असं नाही, पण जरा हळू आवाजात विचारायला लागला.

माथ्यावर एका झऱ्याकाठी दगडात लांबट खळगे आहेत, एकमेकांशेजारी. मी आधी ते पाण्यानेच झाले असं धरून चालले होते. ताईंना मात्र वापरून झिजलेला पाटा आठवायचा. नंतर एकदा तिथल्या मूळ लोकांपैकी एक वयस्क बाई काही जणांना घेऊन वर आल्या होत्या. सगळे त्यांना आदराने आंटी म्हणत. त्यांनी सांगितलं की त्यांचे पूर्वज इथे पाणी घालून दगडी कुऱ्हाडींना धार लावत. कित्येक पिढ्यांच्या हातांनी हा दगड झिजला आहे. बाकीचे ऐकून फोटो काढायला लागले. ताई आंटींजवळ गेल्या आणि त्यांच्या इंग्रजीत म्हणाल्या, "मे आय टच द वॉटर?" आंटी त्यांच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "यू कॅन, लव्ह. थँक्स फॉर आस्किंग." ताईंनी बोटं भिजवली आणि ओला हात क्षणभर दगडावर ठेवला.

परतताना गाडीत मी म्हटलं, "इतक्या वर्षांत तुम्ही त्या पाण्याला हात लावला नव्हता?"

"कुणाचं आहे ते माहीत नव्हतं ना." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझ्या आजोबांना गावच्या तळ्यावर जाता येत नव्हतं. आमचंच पाणी होतं ते, आम्हालाच विचारायला लावायचे आणि वर नाही म्हणायचे. इथे मला कुणी विचारायला लावत नाही. म्हणून मी विचारते." त्याआधी आणि त्यानंतर त्यांनी तो विषय माझ्यापाशी काढला नाही. घरी बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो शेजारी शेजारी होता. त्या संध्याकाळी त्यांनी तिथे मेणबत्ती लावली, रोज लावायच्या तशीच.

मग तो आगीचा उन्हाळा आला. आठवडेच्या आठवडे पेंडल हिलवर धूर. दोरीवरच्या कपड्यांवर राख पडायची आणि सूर्य तांबडा, डोळे न दिपता बघता येईल असा. ताईंनी मागच्या अंगणात घमेल्यांतून पाणी भरून ठेवलं. कुठून कुठून पक्षी यायचे आणि न भांडता प्यायचे. एका दुपारी बातम्यांत आमच्या माथ्याचं नाव आलं. ताईंनी टीव्ही बंद केला आणि भांडी घासायला गेल्या, घासून ठेवलेलीच.

पायवाट पुन्हा उघडली तेव्हा आम्ही दोघी गेलो. सगळा माथा काळा. कातळाची साल निघालेली. बँक्सियाच्या झुडपांची जळकी बोंडं तोंडं उघडी टाकून उभी होती. आवाज एकच, पायाखालच्या कोळशाचा. ताई दवबिंदूंच्या जागेपाशी थांबल्या. तिथे दगड होता आणि राख होती. "चल," त्या म्हणाल्या, "आज इथे आपलं काम नाही." गाडीत त्या झोपल्या, की डोळे मिटून बसल्या, मला कळलं नाही.

त्याच सुमाराला त्यांनी नोकरी सोडली. मला वाटलं, मन उडालं. खरं कारण त्यांनी मटार सोलता सोलता सांगितलं. एका माणसाच्या दंडाला पट्टा बांधून त्यांनी शीर बघायला मान वाकवली आणि शीर दिसेना. जिथे बघावं तिथेच धुरकट ठिपका. त्यांनी सुई ठेवून दिली, शेजारच्या टेबलावरच्या मुलीला बोलावलं आणि त्या दिवसापासून पुन्हा सुई हातात घेतली नाही. डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा मधला भाग जातो आहे. "कडेचं राहील म्हणाले," ताई म्हणाल्या. "थोडं दिसेल, मग थांबेल." आणि स्वतःच हसल्या.

निलेशने पर्थला चल म्हणून धोशा लावला. ताई तयारही झाल्या. घरातली भांडी वाटून टाकली. तेवढ्यात महामारीने राज्याराज्यांच्या सीमा बंद झाल्या. पर्थची तर सगळ्यात कडक. ती उघडणार म्हणायची आणि पुन्हा बंद व्हायची. निलेश फोनवर चिडायचा. ताई मला म्हणायच्या, "मी जात होते. मला ठेवून घेतलंय." मी तेव्हा लग्न होऊन स्कोफिल्ड्स या दुसऱ्या उपनगरात राहायला गेले होते आणि पॅरामॅटाच्या एका ऑफिसचं काम घरून करत होते. रोज आर्वोला, म्हणजे दुपार कलली की, त्यांच्याकडे चक्कर मारायचे.

आगीनंतरचा तो पुढचाच उन्हाळा. अमोलचा फोन आला. "ताईंना घेऊन वर या. काय आहे ते मला माहीत नाही. पण या."

आम्ही चढून गेलो. जळक्या काड्यांच्या मधून सगळा माथा गुलाबी झाला होता. कागदासारखी, मऊ लवेची, मधोमध गडद गुलाबी गेंद असलेली फुलं. नजर जाईल तिथपर्यंत, वाऱ्यावर एकदम झुकणारी. तिथे आलेल्या एका बाईंनी सांगितलं, ही पिंक फ्लॅनल फ्लॉवर्स. यांचं बी वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं. मोठी आग होऊन गेल्यावर, मग पाऊस पडल्यावरच उगवतं. ताई इतकी वर्षं इथे येत होत्या, त्यांनी हे फूल कधी पाहिलं नव्हतं. मला राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. यायचंच होतं तर डोळे चांगले असताना का नाही आलं.

ताई गुडघ्यांवर बसल्या. एका फुलासमोर चेहरा नेला आणि मग मान वळवून भलतीकडेच बघायला लागल्या. मला वाटलं, त्यांना रडू येतंय.

"ताई, काय झालं?"

"बघतेय गं. सरळ बघितलं की नाहीसं होतं. जरा बाजूला बघितलं की येतं." बराच वेळ त्या तशाच बसून होत्या, मान तिरकी, ओठांवर हसू. मग म्हणाल्या, "एवढी वर्षं मी यांच्या अंगावरून चालत होते."

पुढे सीमा उघडली आणि ताई गेल्या. सिडनीच्या विमानतळावर निलेश त्यांना न्यायला आला होता. ताईंनी माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "थोडं दुखेल." पुढचं वाक्य मीच मनात पुरं केलं. ते खरं ठरायला बरेच दिवस लागले.

गेल्या वसंतात मी पर्थला गेले. निलेशच्या घरापासून जवळच, समुद्राच्या कडेला वाळूच्या टेकड्या आहेत, त्यांच्यावर झुडपांचा माळ. ताई मला तिथे घेऊन गेल्या. आता त्यांना उजेड आणि सावल्या, एवढंच दिसतं. एका हाताने काठी, दुसऱ्याने माझा दंड. वाटेत थांबून पानं चुरगाळायच्या, हुंगायच्या. मी काही बोलत नव्हते. त्यांना दिसत नसलेल्याचं वर्णन करणं मला क्रूर वाटत होतं. त्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "गप्प का? सांग ना, काय काय आहे."

"फुलं आहेत, ताई. पिवळी."

"पिवळी म्हणजे? हळदीसारखी की लिंबासारखी?"

मी पुन्हा बघितलं. मघाशी मी नीट बघितलंच नव्हतं. "हळदीसारखी. नाही, थांबा. कडेला लिंबासारखी आहेत, आत गेलं की हळद. आणि खाली, पानांच्या आड, लाल काहीतरी आहे. पक्ष्याच्या पंजासारखं. त्यावर एक माशी बसलीय, हिरवी."

"माशी की मधमाशी?"

मी वाकले, जवळ गेले, बघून परत आले आणि सांगितलं. समुद्रावरून वारा येत होता आणि सगळा माळ एका अंगावरून दुसऱ्या अंगावर होत होता. तेही सांगितलं. ताईंनी डोळे मिटून घेतले होते. मी श्वास घ्यायला थांबले.

"पुढे," त्या म्हणाल्या.