किल्ली माझ्याकडंच राहणार

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला आणि माझ्या पोराला म्हणाल्या, "यांचं डोकं फिरलेलं नाही. सोडियम फार खाली गेलंय. सोडियम म्हणजे रक्तातलं मीठ. डिप्रेशनच्या गोळीनं म्हाताऱ्या माणसांना असं होऊ शकतं. त्यात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळीही चालू होती, तिनंही मीठ उतरतं."

मी खाटेवरून ओरडलो, "ऐकलंस? आता माझी किल्ली दे."

मी चौथी शिकलेला. जन्मभर वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहिल्या. बायको गेली आणि माझं जेवण तुटलं, बोलणं तुटलं. म्हणून गोळी सुरू झाली. त्याची मला लाज नाही.

दुसऱ्याच आठवड्यात चक्कर, मळमळ. मी कुणाला सांगितलं नाही. तिथंच चुकलो. आमच्या हमालांच्या टोळीत चक्कर येते म्हटलं की मुकादम माणसाला बाजूला बसवायचा, मजुरी बुडायची. मग मान ताठ करायची आणि चालत राहायचं. घरातही मी तेच केलं.

एक दिवस कोपरखैरण्यात आमच्याच सोसायटीत, पण दुसऱ्या विंगमध्ये चढलो. परक्या दाराला किल्ली लावत बसलो. दार उघडणाऱ्या बाईलाच दटावलं, "माझ्या घरात काय करतेस?" पोरानं किल्ली काढून घेतली. "आबा, आता एकटं बाहेर पडायचं नाही." कोंडल्यागत झालं. मग बाथरूममध्ये पडलो आणि दवाखाना गाठला.

पाच दिवस सलाईन, रोज सुई. सोडियम एकदम वर आणत नाहीत, दमानं आणतात. मला मात्र दम नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चक्कर येत होती, मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कामावरून काढलं असतं तर?"

बाई हसल्या. "आबा, इथं चक्कर येते म्हणणाऱ्याला आधी तपासतात."

त्यांनी दोन्ही गोळ्या बदलल्या. नवी गोळी मी घेतो, रक्तही तपासून घेतो. माझ्या वयाच्या माणसांनो, गोळी आपल्या मनानं सोडू नका. पण त्रास झाला तर गप्पही बसू नका. आणि वेडा ठरवू लागले तर आधी रक्त तपासा म्हणावं.

घरी आलो. दारापाशी पोरानं किल्ली हातात दिली. तेवढ्यात डोळ्यांपुढं जरा अंधारलं. मान ताठ होऊ लागली होती. मी मोठ्यानं म्हणालो, "थांब, चक्कर येतेय."

पोरगा किल्लीकडं हात करणार, तोच मी मूठ आवळली. भिंत धरून उभा राहिलो. चक्कर गेली.

कुलूप मीच उघडलं.