आतून पाहिलेला लकवा

कोल्हापुरात गंगावेशीजवळ मीरासाब हकिमांचा दवाखाना होता. दवाखाना म्हणजे घराची पुढची खोली, बरण्यांची एक फळी आणि खाली जाड सतरंजी. खोकल्या-तापाचे रोगी येतच, पण हकिमांचं नाव झालं होतं ते लकव्यासाठी. तोंड वाकडं झालेली, एक बाजू गेलेली माणसं लोक बाजेवर घालून पार मुरगुडाकडून आणत. तेलाची चोळणी, कडू काढा आणि हातपाय हलवायची सक्ती, एवढ्यावर त्यातली बरीच उठून चालू लागत.

हकिमांना एक रुखरुख मात्र होती. वाचा गेलेल्या माणसाला आत काय वाटत असेल? ते विचारत, रोगी नुसता बघे. बरा झाल्यावर विचारलं तर म्हणे, "आता काय आठवत न्हाय बगा, हकीमसाब."

शाहू महाराजांनी राधानगरीला धरणाचं काम नुकतंच काढलं होतं, तेव्हाची गोष्ट. त्या कामावर दगड वाहणारा पिराजी गाडीवान अंगात कसर आहे म्हणून सकाळी दवाखान्यात आला. हकिमांनी त्याचं मनगट धरलं, डोळे मिटले. नाडी लागेना. बोटं सरकवली, दाबून पाहिलं. काहीच नाही.

"काय झालं वो?" पिराजी घाबरला. "मी मेलो का काय?"

हकिमांना हसू आलं. तू नव्हे, माझीच बोटं मेलीत, असं त्यांना म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "गूळ."

"आं?"

"गूळ. गूळ," म्हणत हकीम उजव्या अंगावर कलंडले.

"भाबी, पळा!" पिराजीनं आरोळी ठोकली.

सतरंजीवर पडल्या पडल्या हकिमांना पहिलं आश्चर्य वाटलं ते याचं, की भीती वाटत नव्हती. कुणाचा काढा उकळायचाय, कुणाला तेल द्यायचंय, ही डोक्यातली रोजची बडबड एकदम थांबली होती. कौलांच्या फटीतून उन्हाची तिरीप आली होती. ती इतकी देखणी असते हे त्याच घरात जन्म काढूनही त्यांना ठाऊक नव्हतं. शेजारी कुणाचा तरी हात पडला होता. बाहीवरचा काढ्याचा डाग पाहून ओळखलं, हा तर आपलाच. मग लख्ख उमगलं, हा लकवा! आणि मनात उकळीच फुटली. आता कळणार!

बायको इमामबी धावत आली, तर नवरा वाकड्या तोंडानं हसत पडलेला. तिनं हंबरडा फोडला.

पण रडत बसणारी ती नव्हती. नवऱ्याचे काढे आजवर तिनंच उकळले होते. दुपारी तिनं वाटी त्यांच्या तोंडाला लावली. स्वतःचा काढा हकिमांच्या जिभेवर पहिल्यांदाच गेला.

"गूळ!" ते कळवळून ओरडले.

तेवढ्यापुरता तो शब्द अगदी बरोबर बसला. इमामबीनं काढ्यात गुळाचा खडा टाकला.

हकिमांना आता तेवढाच एक शब्द येत होता. पाणी हवं असलं तरी गूळ, उशी हवी असली तरी गूळ. गल्लीत बोभाटा झाला की हकीमसाबांचा जीव गुळात अडकलाय. गुऱ्हाळं चालू होती. बरे झालेले रोगी ढेपा घेऊन यायला लागले. कानाशी तोंड आणून ओरडत, "हकीमसाब, वळकलं का?" जणू कानच गेलेत! हकिमांना सगळं ऐकू येत होतं. मात्र चारजण एकदम बोलू लागले की शब्दांचा नुसता गलका व्हायचा. गाढ झोप झाली की डोकं पुन्हा स्वच्छ. रोग्याला झोपेतून उठवून हात हलवायला लावणारे आपणच, हे आठवून ते मनात ओशाळले.

पिराजी येता-जाता डोकावे आणि त्यांचा लुळा हात उचलून धरी. "वढा की! माज्या पाठीला चोळत हुता, तवा मी वरडलो म्हणून सोडलं हुतं व्हय?"

हकीम ओढत. एक दिवस बोट हललं. पिराजी रस्त्यावर जाऊन सगळ्यांना सांगून आला.

वाचा आली ती वेगळ्याच वाटेनं. लेक सलिमा तान्ह्या पोराला घेऊन सासरहून आली. पोराला मांडीवर घेऊन ती, लहानपणी बापानंच तिला म्हटलेली अंगाई म्हणू लागली. दुसऱ्या ओळीला बाजेवरून सूर लागला. हकीम गात होते! शब्दन् शब्द, न चुकता.

"अब्बा!" सलिमा ओरडली. "पाणी म्हणा!"

"गूळ," हकीम म्हणाले.

इमामबीनं मग डोकं लढवलं. तिनं अंगाईच्याच चालीवर विचारलं, "पाणी हवं का, थंड पाणी?" हकिमांनी चालीवर उत्तर दिलं, "पाणी नको, चहा हवा." पोट धरून हसली सगळी. पुढं त्या घरात भाजी, भाकरी, भांडण, सगळं चालीवर चाललं. ऐकायला बायका दारात थांबत. हळूहळू चाल गळत गेली आणि शब्द उरले. साधं असं पहिलं वाक्य हकीम बोलले ते हे: "इमामबी, किती गं कडू तो काढा!"

काठी टेकत ते पंचगंगेच्या घाटापर्यंत जाऊ लागले, तोच कुरुंदवाडहून लकव्यानं वाचा गेलेल्या झुंबरबाई नावाच्या म्हातारीसाठी बोलावणं आलं. पिराजीनं गाडी जुंपली. म्हातारीच्या घरात ही गर्दी, आणि लेक आईच्या कानात ओरडतोय. हकिमांनी सगळ्यांना बाहेर काढलं. तिच्या धड राहिलेल्या डाव्या अंगाला बसून हळू म्हणाले, "झुंबरबाई, मीबी तिथं जाऊन आलोय. तुमाला सगळं ऐकू येतंय. ह्यो हात दुसऱ्याचा वाटतोय. आन् त्या ओरडणाऱ्या पोराला एक ठेवून द्यावीशी वाटतीया. व्हय का न्हाय?"

म्हातारी आधी टक लावून बघत राहिली. मग अर्ध्या तोंडानं खुदकन हसली. बाहेरून लेक धावत आत आला, तरी ती हसतच होती.

परतताना हकीम म्हणाले, "पिराजी, कासरा दे."

"हकीमसाब, उजव्या हातात?"

"उजव्याच."

कासरा वेडावाकडा ओढला गेला आणि बैल सरळ उसात शिरले. पिराजी बोंबलत खाली उडी मारून बैलांपुढं धावला. हकीम गाडीत बसून मोठमोठ्यानं हसत होते, कासरा मात्र त्यांनी सोडला नव्हता.