सात बाय नऊचा कूलर

पाचपावलीतले चंपतराव कूलर बनवायचे. लोखंडी अँगल कापायचा, वेल्डिंग मारायचं, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या लावायच्या. चैत्र लागला की त्यांना मान वर करायला फुरसत नसे. शेजारी विश्वनाथ राही, मराठीत एम. ए. होऊन नोकरीची वाट पाहत. वयात पंचवीस वर्षांचं अंतर, तरी दोस्ती घट्ट. चंपतराव बोलत, विश्वनाथ अर्ज लिहून देई.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात अर्जाचा विषय एकच होता. चंपतरावांची मुलगी वच्छला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. घर दोन खोल्यांचं, वर टिनं. माठातलं पाणीसुद्धा दुपारी चहाला ठेवल्यासारखं लागे. पोरीसाठी मागच्या अंगणात एक खोली हवी होती, तिचे दिवस भरायच्या आत.

महापालिकेच्या कचेरीतून अर्ज तीनदा परत आला. घरामागे दहा फूट मोकळे सोडा, असा नियम. अंगण होतं साडेदहा फूट. उरलेल्या सहा इंचांत खुशाल बांधा, असं कारकून म्हणाला. चौथ्या अर्जात विश्वनाथनं बाळंतिणीच्या हालांचं वर्णन केलं. ते वाचून कचेरीतल्या मोठ्या साहेबांचे डोळे भरून आले. डोळे पुसून त्यांनी अर्ज नामंजूर केला.

मग चंपतरावांनी विश्वनाथला नियमांचं पुस्तकच वाचून दाखवायला लावलं. भिंत चालत नाही. छत चालत नाही. ओटा चालत नाही. खिडकीला जोडलेल्या कूलरला परवानगी लागत नाही.

"केवढा कूलर, थे लिहिलं हाये का गा?"

लिहिलं नव्हतं.

आठ दिवसांत मागच्या खिडकीला सात फूट बाय नऊ फुटांचा कूलर लागला. तिन्ही बाजूंना वाळा, वर ताट्यांचंच झाकण. पंप दुरुस्त करायला आत जावं लागतं, म्हणून दार. दुरुस्त करणारा थकला तर टेकायला, म्हणून खाट. इतर कूलरांचा पंखा घरात वारा फेकतो. याचा कूलरातच फेकत होता. चंपतरावांच्या बायकोनं आत खुंटीवर लुगडं टांगलं.

कोणीतरी तक्रार केली. भर दुपारी कचेरीचे ओव्हरसियर सायकलवरून आले, घामानं निथळत.

"हे काय बांधलं?"

"बांधलं कुठी साहेब, जोडलं. कूलर व्हय."

"कूलरले दार काहून?"

"बाहेरूनच पाहून राहिले तुमी. आत या न."

साहेब आत गेले. चंपतरावांनी पंप सुरू केला. ताट्या भिजल्या, वाळ्याचा वास सुटला. साहेबांनी टेप काढली, दोन फूट मोजले आणि खाटेवर बसले. मग त्यांनी विश्वनाथला पंचनामा लिहायला सांगितलं, आपले हात गारठलेत म्हणून. मागे बांधकाम नाही, कूलर आहे, चालतो. 'उत्तम चालतो' लिहा, असं त्यांनी आडवं होता होता सुचवलं. एक अट मात्र घातली. चालू असेल तोवर कूलर. बंद दिसला की ती खोली, आणि खोली ते पाडणार.

तिसऱ्या दिवशी वच्छलेला मुलगी झाली. सुईण जयवंताबाईंनी तो कूलर पाहिला आणि कपाळाला हात लावला. ओली बाळंतीण, आणि गार वारा? बंद करा म्हणाल्या, आत शेगडी ठेवा. बंद केला तर साहेब पाडणार. चंपतराव अडकले. तेवढ्यात जयवंताबाईंना टिनाखालची खोली दिसली. त्यांनी आत जाऊन भिंतीवरून हात फिरवला. इथं तर शेगडीचीही गरज नाही, म्हणाल्या.

वच्छला टिनाखाली निजली. कूलर चालूच होता. तो खरोखर चालतो का, हे पाहायला साहेब रोज दुपारी येऊ लागले. अर्ध्या खाटेवर ते, अर्ध्या खाटेवर चंपतराव. विश्वनाथला खाली चटई.

बाराव्या दिवशी बारसं झालं. जयवंताबाई जेवून, चोळीचा खण घेऊन गेल्या. त्यांची पाठ फिरताच वच्छला लाल तोंडानं, पोरीला काखेत घेऊन कूलरच्या दारात उभी राहिली.

"बाबा, या साहेबायले उठवा. अन् तुमीबी उठा."

चंपतराव सुईण काय म्हणाली ते सांगू लागले.

"थे गेली घरी. पंप थोडा कमी करा, अन् निंघा."

साहेबांनी उशाखालची टेप शोधली आणि चपला घातल्या. मग तिघेही उन्हात उभे राहिले.