बिनमुळाचा चाफा

गिरणीत नवऱ्याची भाकरी पोचवायला कुंभारीहून येणारी एक बाई रोज आमच्या कुंपणाशी थांबायची. कपाळावर ठसठशीत कुंकू, हात सतत भाकरीच्या फडक्यावर. अंगणात मी लावलेली चाफ्याची फांदी तिनंच दिलेली. एकही पान नसताना त्या फांदीला फुलं आली. बाईनं बोटानं माती उकरून दाखवली, तर खाली मूळच नव्हतं.

"आपल्याला तोडलंय हे तिला अजून ठावं न्हाई," ती कुजबुजली. "तुमी बी हितं तसं बोलू नका."

पुढे गिरणीच्या पहारेकऱ्याला मी तिच्या नवऱ्याबद्दल सहज विचारलं.

"तो मरून लई दिस झालं," तो म्हणाला. "आमी भाकरी ठेवून घेतो. तिला सांगायचा धीर कुणाला हाय?"

दुसऱ्या दिवशी चाफ्याचा वास पार आमच्या फाटकापर्यंत आला होता. बाई थांबली. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मग भाकरी पदराखाली घेत तिनं हळूच विचारलं, "तिला सांगितलं न्हाई न्हवं?"